मार्जिन म्हणजे नेमकं किती, आणि कशावर?

ताई, तुम्ही जे विचारलं ते थोडक्यात असं. नागपुरात मानेवाड्याला स्टील-प्लास्टिकच्या घरगुती सामानाचं दुकान टाकताय. जागनाथ बुधवारीतल्या ठोक व्यापाऱ्यानं स्टीलचा डबा २०० रुपयांना दिला आणि म्हणाला, ‘अडीचशेला आरामात जातो, २५ टक्के मार्जिन आहे.’ घरी येऊन हिशेब केला तर तुमचे २० टक्केच आले. त्याच आठवड्यात बँकेतल्या साहेबांनी सांगितलं, ‘२५ टक्के मार्जिन तुमचं लागेल.’ आणि धाकटा भाऊ शेअरचं मार्जिन कमी पडलं म्हणून तुमच्याचकडे १० हजार मागतोय. ठोकवाल्यानं फसवलं का, आणि एकाच शब्दाचे हे तीन अर्थ कुठून आले, हे तुम्हाला हवंय.

ठोकवाल्यानं फसवलेलं नाही. तुमचा हिशेबही चुकलेला नाही. डब्यामागे ५० रुपये सुटतात. ते ५० त्यानं खरेदीच्या २०० वर मोजले, तुम्ही विक्रीच्या २५० वर. पन्नासची नोट तीच, खाली ठेवलेला आकडा वेगळा. इतवारी-गांधीबागेतल्या दुकानांची खाती लिहायला मी १९९० साली लागलो, पुढे कर सल्लागार झालो. या इतक्या वर्षांत या एका शब्दानं जेवढे नवे दुकानदार गोंधळलेले पाहिले तेवढे करानंही गोंधळलेले पाहिले नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दाचं मूळ, कारण त्यातच तुमच्या तिन्ही प्रश्नांची किल्ली आहे. लॅटिनमध्ये ‘मार्गो’ म्हणजे कड, काठ. त्यावरून इंग्रजीत पानाच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या जागेला मार्जिन म्हणू लागले. आपण मराठीत त्यालाच समास म्हणतो. शाळेत वहीच्या डाव्या बाजूला पट्टी लावून रेघ मारायचो, गुरुजी म्हणायचे, समास सोडून लिहा. पानाची कड ही एक रेघ, आपण आखलेली ती दुसरी, आणि मधली जागा म्हणजे समास. व्यापारातलं मार्जिन हेच आहे. दुकानात खरेदीचा भाव ही एक रेघ, विक्रीचा भाव ही दुसरी. बँकेत मालाची किंमत ही एक रेघ, त्यावर मिळणारं कर्ज ही दुसरी. शेअरबाजारात सौदा मोठ्या रकमेचा असतो आणि भाव हलला तर नुकसान झेलायला बाजूला काढून ठेवलेली रक्कम हा समास. निवडणुकीत अमुक मतांच्या मार्जिननं आला म्हणतात, म्हणजे मताधिक्य, तिथंही दोन आकड्यांमधली जागाच. त्यामुळे कुणी मार्जिन म्हटलं की मनात दोन प्रश्न उठले पाहिजेत: कोणत्या दोन रेघांमधलं? आणि टक्का सांगितला असेल तर कशावर?

दुसऱ्या प्रश्नात माणसं जास्त अडकतात.

ठोक बाजारात टक्का खरेदीवर सांगायची रीत आहे आणि त्याला कारण आहे. ठोक व्यापाऱ्याला पक्का ठाऊक असतो तो त्याचा पडता, म्हणजे माल गोदामात येऊन पडेपर्यंत लागलेली सगळी किंमत. पुढे कोणती पार्टी कितीला उचलेल, कोण रोखीनं घेईल, कोण महिनाभर उधार ठेवील, हे दर सौद्याला बदलतं. म्हणून तो हातातल्या पक्क्या आकड्यावर ‘इतके टक्के चढवायचे’ असं बोलतो. इंग्रजीत याला मार्कअप असा वेगळा शब्द आहे. मी अशिलांशी बोलताना त्याला ‘चढ’ म्हणतो. उलट कंपन्या, मॉल आणि हिशेबनीस टक्का विक्रीवर मोजतात, कारण दुकानात रोज समोर दिसते ती विक्री, आणि भाडं, पगार, सूट, कर या सगळ्यांची तुलना विक्रीशीच करायची असते. बोलताना मात्र दोघंही ‘मार्जिन’च म्हणतात, आणि बाजारात आपल्याला दोघांशीही बोलावं लागतं.

चढावरून मार्जिन काढायला मोबाइलही लागत नाही. जुन्या मुनिमांना पावकी-निमकी तोंडपाठ असायची. त्यांची रीत अशी: पाव चढवला तर विक्रीचा पाचवा हिस्सा सुटतो. तिसरा हिस्सा चढवला तर चौथा सुटतो. निम्मा चढवला तर तिसरा. दुप्पट भाव लावला तर निम्मा. म्हणजे अपूर्णांकाचा खालचा आकडा एकानं वाढवायचा, झालं. तुमच्या डब्यावर पाव चढवला होता, म्हणून पाचवा हिस्सा, २० टक्के. उलटं जायचं असेल, म्हणजे विक्रीवर खरोखर २५ टक्के सुटायला हवे असतील, तर २०० वर तिसरा हिस्सा चढवा. विक्री २६७ च्या आसपास येईल. कॅल्क्युलेटरवर करायचं तर २०० ला ०.७५ नं भागा.

चार-पाच टक्क्यांच्या फरकाचं एवढं काय, असं वाटेल. मलाही तसंच वाटायचं. १९९० च्या दशकातली गोष्ट सांगतो. गांधीबागेत तयार कपड्यांचं एक दुकान माझ्याकडे होतं. दिवाळीच्या आधी शेठजींनी विचारलं, ‘मालावर ३० टक्के मार्जिन आहे, सेलमध्ये २५ टक्के सूट द्यावी का?’ मी जागच्या जागी हिशेब केला, ३० मधून २५ गेले, ५ उरले, आणि ‘द्या’ म्हणालो. खरेदी ४ लाखांची होती. ३० टक्के चढ लावून चिठ्ठीवरचे भाव ५ लाख २० हजारांचे झाले. त्यावर २५ टक्के सूट दिली म्हणजे १ लाख ३० हजार गेले, हातात आले ३ लाख ९० हजार. माझ्या हिशेबानं २० हजार उरायचे होते. प्रत्यक्षात १० हजारांचा खड्डा पडला, त्यात सेलसाठी ठेवलेल्या दोन पोरांचा पगार आणि जाहिरात वेगळीच. दिवाळीत गल्ला भरलेला दिसत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. मार्चअखेर साठा मोजला तेव्हा कळलं. शेठजी मला एक शब्द बोलले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. चूक माझीच होती: ३० टक्के खरेदीवरचे, २५ टक्के विक्रीवरचे, आणि मी ते एकमेकांतून वजा केले.

सूट नेहमी विक्रीच्या भावातून कापली जाते. म्हणून सूट किती झेपेल हे विक्रीवरचं मार्जिनच सांगू शकतं. ३० टक्के चढ म्हणजे विक्रीवर २३ टक्के आणि वर थोडे पैसे. त्यापुढची प्रत्येक टक्का सूट घरातून जाते. तुमच्या डब्याला ती हद्द २० आहे. उद्या शेजारच्या दुकानात ‘२५ टक्के सूट’ची पाटी लागली आणि ‘आपलं मार्जिनही २५ आहे, बरोबरीत सुटू’ असं वाटून तुम्हीही पाटी लावलीत तर डबा १८७ रुपये ५० पैशांना जाईल. प्रत्येक डब्याला साडेबारा रुपये पदरचे.

आता तुमचे ते २० टक्के तरी पूर्ण आहेत का, तेही पाहू, कारण २०० हा अजून पडता नाही. समजा तुम्ही ४० डबे घेतले, ८,००० चं बिल झालं. मालऑटोनं मानेवाड्यापर्यंत ३०० घेतले, चढवणं-उतरवणं ६०. डबा २०९ ला पडला. दुकानात उतरवताना त्यातला एक ठेचला, तो कुणी घेणार नाही, म्हणजे ८,३६० रुपये ३९ डब्यांवर वाटायचे. आता एक डबा २१४ रुपये आणि काही पैशांना पडला. अडीचशेला विकला तर सुटतात साडेपस्तीस, म्हणजे विक्रीच्या १४ टक्क्यांच्या जरा वर. ठोकवाल्याचे २५, तुमचे २० आणि खरे १४. तिन्ही आकडे एकाच डब्याचे. इतवारीत ‘पडता बसत नाही’ असं म्हणून व्यापारी उठून जातो ना, तो हा हिशेब मनात करून उठलेला असतो.

स्कीमचंही असंच आहे. ‘दहावर एक फ्री’ ऐकलं की वाटतं १० टक्के मिळाले. ११ नग १० च्या पैशांत आले, म्हणजे नगामागे ९ टक्के आणि वर काही पैसे. शिवाय ते अकराही नग विकले गेले तरच. स्कीमपायी दुप्पट माल उचलून तो दोन वर्षं फळीवर धूळ खात पडला की त्या ९ टक्क्यांतून काही उरत नाही.

हा घोळ आपल्यासारख्यांचाच आहे असं समजू नका. सरकारी आदेशांतही चढाला ‘मार्जिन’च म्हटलेलं सापडतं. औषधांच्या २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशात कमाल किंमत ठरवताना चिल्लर, म्हणजे किरकोळ, दुकानदाराला १६ टक्के मार्जिन धरलेलं आहे. ते दुकानदाराला ज्या भावात औषध मिळतं त्यावर आहे, म्हणजे १०० चं ११६. विक्रीवर मोजलं तर पावणेचौदा टक्क्यांच्या आसपास. गंजीपेठेच्या दवा बाजारातून माल उचलणारा नवा केमिस्ट १६ टक्के धरून भाड्याचा हिशेब मांडतो आणि पहिल्याच वर्षी दोन टक्के कुठे गेले म्हणून शोधत बसतो. दुसरं उदाहरण करोनाच्या काळातलं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर वितरकाच्या पातळीला १९८ टक्क्यांपर्यंत मार्जिन घेतलं जातंय असं सरकारनं सांगितलं आणि जून २०२१ मध्ये ते ७० टक्क्यांवर बांधलं. इथं जरा थांबून विचार करा. विक्रीवरचं मार्जिन १०० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, कारण फुकट मिळालेला माल विकला तरी सगळीच्या सगळी विक्री सुटेल, त्याहून जास्त काय सुटणार? म्हणजे १९८ हा आकडा खरेदीवरचाच असला पाहिजे: १०० ला घेतलेलं २९८ ला विकलं. ७० टक्क्यांची मर्यादाही वितरकाला पडणाऱ्या किमतीवरच होती, विक्रीवर पाहिली तर ४१. टक्का १०० च्या वर दिसला की तो चढ आहे, ही खूण कायमची लक्षात राहू द्या.

जीएसटीमुळे आणखी एक पदर चढतो. छापील किमतीत कर धरलेला असतो. समजा छापील किंमत १०५ आहे, त्यात ५ टक्के कर, आणि कंपनीचा माणूस म्हणतो, ‘एमआरपीवर १० टक्के.’ म्हणजे माल तुम्हाला कर धरून साडेचौऱ्याण्णवला मिळेल. तुम्ही नोंदणी केलेली नसेल (मालाच्या व्यापारात आपल्याकडे ती मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे) तर साडेदहा रुपये तुमचे. नियमित नोंदणी असेल तर भरलेला कर वळता करून बाकीचा सरकारला जातो, तुमचे राहतात १०. आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांनी विक्रीवर ठरावीक टक्का भरायची सोपी योजना) असाल तर भरलेल्या कराची वजावट नाही, वर विक्रीवर १ टक्का खिशातून भरायचा: साडेदहामधून १ रुपया ५ पैसे गेले, राहिले ९ रुपये ४५ पैसे. विक्रीवरचा १ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण १० टक्क्यांच्या मार्जिनवर तो तुमच्या कमाईचा दहावा हिस्सा असतो, आणि ५ टक्क्यांच्या मार्जिनवर पाचवा. कंपोझिशन घ्यायचं की नाही हे मार्जिन पाहून ठरवायचं असतं. अर्ज सोपा आहे म्हणून नव्हे.

जीएसटीतच ‘मार्जिन’ आणखी एका ठिकाणी येतो. जुन्या वस्तूंचा व्यापारी पूर्ण विक्रीवर कर न भरता खरेदी-विक्रीतल्या फरकावर भरू शकतो. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत जुन्या गाड्यांच्या या फरकावर सरसकट १८ टक्के दर ठरला, तेव्हा माझा फोन दोन दिवस वाजत होता. ‘१८ लाखांची गाडी १३ लाखांना विकली, तर ५ लाखांवर कर का?’ असा प्रश्न होता. तो फरक तोट्याचा आहे. मार्जिन उणे असेल तर त्यावर कर नाही, आणि नोंदणी नसलेल्या घरगुती माणसानं स्वतःची गाडी विकली तर तो यात येतच नाही. फरक आणि मार्जिन हे शब्द लोक एकच समजतात त्याचा हा परिणाम.

बोलण्यातल्या काही जागाही सांगतो, बाजारात उपयोगी पडतील. मराठीत मार्जिन ‘सुटतं’, ‘ठेवतात’, ‘मिळतं’, आणि ‘टाइट’ असतं. ‘या मालात काय सुटतं?’ असं विचारलं तर उत्तर बहुधा रुपयांत येतं, ‘मार्जिन काय?’ विचारलं तर टक्क्यांत. नव्या माणसानं पहिला प्रश्न विचारावा, कारण रुपये कुणी दोन तऱ्हांनी मोजत नाही. ‘सोडणे’ या शब्दाकडे मात्र नीट कान द्या. वहीत समास सोडला म्हणजे तो राखला. दुकानात ‘मार्जिन सोडलं’ म्हणजे गिऱ्हाइकाला देऊन टाकलं. नफा आणि मार्जिन यांतही माझ्या मते फरक ठेवावा. मार्जिन एका नगाचं किंवा एका मालाचं बोलावं. नफा म्हणजे वर्षाअखेर सगळं देऊन-घेऊन राहिलं ते.

अडत आणि कमिशन यांना मार्जिन म्हणू नये. कळमन्यात संत्र्याच्या ढेरीचा लिलाव होतो, तिथं अडत्या माल स्वतः विकत घेत नाही. माल शेतकऱ्याचा, तो विकून देण्याबद्दल अडत्याला अडत मिळते. (फळं-भाजीपाल्याची ही अडत जुलै २०१६ पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असा बदल राज्यात झाला.) संध्याकाळी भाव पडले तरी अडत्याची अडत बुडत नाही, फक्त कमी होते. तीच ढेरी विकत घेऊन सीताबर्डीला हातगाडीवर विकणारा मात्र मार्जिनवर जगतो. संत्री नासली तर त्याची नासली. तुम्हाला उद्या कुणी ‘माल ठेवा, विकला तर पैसे द्या, तुमचे १० टक्के’ म्हणालं, तर ते कमिशन आहे. त्यातले १० टक्के आणि स्वतः पैसे गुंतवून विकत घेतलेल्या मालावरचे १० टक्के यांची तुलना करू नका. पहिल्यात जोखीम मालकाची, दुसऱ्यात तुमची.

मोठ्या मार्जिनचा मोह नव्या दुकानदाराला हमखास होतो, म्हणून फिरकीचाही, म्हणजे पैसा वर्षात किती वेळा फिरतो त्याचाही, हिशेब सांगतो. २,००० रुपयांचा साखरेचा कट्टा समजा दर आठवड्याला संपतो आणि त्यात ६० रुपये सुटतात. विक्रीवर ते ३ टक्केही भरत नाहीत. पण तेच २,००० वर्षात ५२ वेळा फिरले आणि ३,१२० रुपये देऊन गेले. शेजारी २,००० चे शोभेचे काचेचे सेट आणले, विक्रीवर ४० टक्के मार्जिन, पण सगळे विकायला वर्ष लागलं: विक्री ३,३३३ ची, सुटले १,३३३. तुमच्या दुकानात रोज जाणारे प्लास्टिकचे मग, गाळण्या, डबे यांचं मार्जिन कमी दिसेल, आणि काचेच्या सेटचं मोठं. फळीवरची जागा वाटताना टक्क्यासोबत माल किती दिवसांत निघतो तेही लिहून ठेवा.

आणि हे सगळं अजून ढोबळ मार्जिनच आहे. महिन्याला दीड लाखाची विक्री झाली, सरासरी २० टक्के सुटले, म्हणजे ३०,००० आले. त्यातून भाडं ९,०००, मदतनीस मुलगी ८,०००, वीज २,०००, पिशव्या-किरकोळ खर्च २,०००. राहिले ९,०००, विक्रीच्या ६ टक्के. हे निव्वळ मार्जिन, आणि यात तुमचा स्वतःचा पगार धरलेला नाही. आयकराच्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत सरकार छोट्या व्यापाऱ्याचं उत्पन्न उलाढालीच्या ८ टक्के धरतं, आणि बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या विक्रीवर ६ टक्के. तेही विक्रीवरच मोजलेलं आहे. म्हणून यूपीआयचा कागद काउंटरवर लावायचा आळस करू नका. रोखीच्या विक्रीवर तुमच्या खऱ्या कमाईपेक्षा जास्त कमाई धरली जाऊ शकते.

आता बँक. तिथं मार्जिन म्हणजे तुम्हाला सुटणारे पैसे नव्हेत, तुम्ही घालायचे पैसे. रॅक आणि काउंटरचं कोटेशन २ लाखांचं असेल आणि मार्जिन २५ टक्के, तर ५०,००० तुमचे, दीड लाख बँकेचे. टक्का कोटेशनवर आहे, कर्जावर नाही. दीड लाखाच्या २५ टक्के, म्हणजे साडेसदतीस हजार, घेऊन गेलेली माणसं मी परत आलेली पाहिली आहेत. पुढे मालावर कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसे पैसे काढायचं कर्जखातं, घेतलं तर दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा तक्ता, द्यावं लागेल. दुकानात ८ लाखांचा माल आहे, त्यातले २ लाख ठोकवाल्यांचे देणे आहेत, तर बँक ६ लाखच धरते. त्यातून २५ टक्के मार्जिन, दीड लाख, बाजूला केलं की उरते साडेचार लाखांची ड्रॉइंग पॉवर. तेवढेच पैसे तुम्ही काढू शकता, मंजुरी ६ लाखांची असली तरी. उधारीवर माल भरून दुकान गच्च केलं म्हणजे बँकेची मर्यादा वाढते असं नाही, हे या हिशेबातून दिसेल. बँक हा समास का सोडते, तर उद्या माल विकून वसुली करायची वेळ आली आणि भाव पडलेले असले तरी तिचं मुद्दल वाचावं. जितका माल लवकर जुना होणारा, तितका समास रुंद.

एक सावधगिरी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ‘मार्जिन मनी’ म्हणजे सरकारचं अनुदान, आणि तुमच्या हिश्शाला ‘स्वतःचं योगदान’ असा वेगळा शब्द आहे. ते अनुदान लगेच हातात येत नाही, बँकेत ३ वर्षं मुदत ठेवीसारखं बाजूला ठेवलेलं असतं. ही योजना मुख्यतः उत्पादन आणि सेवा उद्योगांसाठी आहे, त्यामुळे नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानाला ती मिळेल असं धरून चालू नका. पण कुणी एजंट ‘मार्जिन मनी सरकार देतं’ म्हणाला तर तो कशाबद्दल बोलतोय ते तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं.

राहिला तुमचा भाऊ. शेअरबाजारातलं मार्जिन ही किंमतही नव्हे, कमाईही नव्हे. सौदा धरून ठेवण्यासाठी दाखवलेली ठेव आहे. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात इसार देतात, तसं वरवर दिसतं. पण इसार एकदा दिला की पुढच्या तारखेपर्यंत कुणी आणखी मागत नाही. इथं भाव रोज हलतो, आणि तुमच्या विरुद्ध गेला की ठेव झिजते, ती भरून काढायला सांगतात. तोच मार्जिन कॉल. भरलं नाही तर ब्रोकर सौदा कापतो, आणि तो नेमका पडलेल्या भावात कापला जातो. सेबीच्या, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांनी शेअरच्या रोजच्या सौद्यांना किमान २० टक्के मार्जिन लागतं, आणि सप्टेंबर २०२१ पासून दिवसभरात ज्या वेळी उघडे सौदे सर्वात जास्त असतील त्या वेळच्या रकमेवर ते पूर्ण असावं लागतं. म्हणजे २० हजारांत १ लाखाचा सौदा. भाव ५ टक्के पडला तर लाखावर ५ हजार गेले. भावाच्या खिशातल्या २० हजारांतला पाव हिस्सा एका दिवसात. त्याला १० हजार देण्याआधी एवढंच विचारा: हे नव्या सौद्याचं मार्जिन आहे, की जुन्या सौद्यातलं नुकसान भरून काढायचं आहे? नुकसान भरायचं असेल तर ते पैसे ठेव म्हणून राहणार नाहीत, तुटीत आधीच गेलेले आहेत. माझा सल्ला विचाराल तर देऊ नका, सौदा आजच कमी करायला सांगा. दुकानाचं बँकेतलं मार्जिन तुम्हाला याच १० हजारांतून भरायचं आहे.

बुधवारीत परत जाल तेव्हा ठोकवाल्याशी वाद घालायची गरज नाही. त्याला विचारा, ‘काका, बिलाचा भाव किती आणि चिल्लरमध्ये जातो कितीला?’ दोन्ही आकडे रुपयांत घ्या, वहीत लिहा. त्या पानावर पाच रकाने पाडा: बिलाचा भाव, ऑटो-हमाली धरून पडता, विक्रीचा भाव, सुटणारे रुपये, आणि विक्रीवरचा टक्का. डाव्या बाजूला जागा सोडा. माल किती दिवसांत निघाला ते महिन्याभरानं तिथं लिहायचं आहे. स्टीलच्या डब्याची पहिली ओळ तयारच आहे: २००, २१४, २५०, ३६, १४.